अनियमिततेचा इतिहास : स्पॅनिश क्रियारूपे आणि व्याकरणकारांची दृष्टी

‘अनियमित क्रियापद’ ही संज्ञा वरकरणी भाषेचे वर्णन करते; वस्तुतः ती वर्णनकर्त्याची भूमिका सांगते. स्पॅनिश क्रियारूपांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

अंतोनियो दे नेब्रिहा याने १४९२ मध्ये कास्तीयन भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा लॅटिनच्या धर्तीवर क्रियापदांचे ‘आर’, ‘एर’ व ‘ईर’ असे तीन गण त्याने मानले. या गणांच्या सामान्य रूपावलीत न बसणारी रूपे अनियमित ठरतात. ‘पोदेर’ म्हणजे शकणे. त्याचे ‘पुएदो’ (मी शकतो), पण ‘पोदेमोस’ (आम्ही शकतो). हा भेद यादृच्छिक नाही. लॅटिनमधील ऱ्हस्व ‘ओ’वर आघात आला की स्पॅनिशमध्ये त्याचा ‘उए’ होतो. आघात प्रत्ययावर सरकला की मूळ स्वर टिकतो. म्हणजे रूपावलीला जी अनियमितता वाटते, ती ध्वनिनियमाच्या काटेकोर पालनातून उद्भवली आहे. ‘ईर’ (जाणे) या क्रियापदाची गोष्ट निराळी. त्याच्या ‘वोय’, ‘इबा’ आणि ‘फुई’ या रूपांत तीन भिन्न लॅटिन धातू एकत्र आले आहेत. मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये; आपल्या ‘जातो’मध्ये ‘या’ धातू आहे, तर ‘गेला’मध्ये ‘गम्’.

काराकास येथे जन्मलेल्या आंद्रेस बेयो याने १८४७ मध्ये चिलीत अमेरिकावासीयांसाठी व्याकरण लिहिले. अनियमित रूपांतही कुले असतात, हे त्याने पद्धतशीरपणे दाखवले. लॅटिनप्रमाणे स्पॅनिशही अमेरिकेत विखुरली जाईल, ही चिंता मात्र त्याला होती. म्हणून ‘तू’ऐवजी ‘वोस’ वापरण्याची लोकरूढी त्याने त्याज्य ठरवली.

येथेच इतिहासातील विसंगती प्रकट होते. ब्वेनोस आयरेसमधील ‘वोस पोदेस’ या रूपात आघात प्रत्ययावर असल्याने मूळ स्वर अबाधित राहतो. प्रमाण मानलेले ‘तू पुएदेस’ मात्र अनियमित. गावंढळ ठरलेले रूप रूपावलीच्या कसोटीवर अधिक नियमित आहे! अर्जेंटिनाच्या भाषा-अकादमीने या रूढीला मान्यता दिली ती १९८२ मध्ये. तत्पूर्वीच, १९६३ च्या ‘रायुएला’ कादंबरीत हुलिओ कोर्तासारने तिला साहित्यिक प्रतिष्ठा दिली होती.

तौलनिक अभ्यासकाला या इतिहासाची दखल घ्यावी लागते, कारण ‘वोस’ एके काळी आदरार्थी होते. केवळ व्युत्पत्तीवर विसंबणारा मराठी अनुवादक तेथे ‘तुम्ही’ योजील आणि कोर्तासारच्या पात्रांमधील जवळीक गमावून बसेल. तेथे ‘तू’च हवे. रूप कोठून आले हे इतिहास सांगतो. ते आज कोण कोणाशी बोलताना वापरतो, हे साहित्यकृतीतूनच जाणून घ्यावे लागते.