एक नाला, अनेक दप्तरे

सोलापूरहून रात्री निघालेली बस उमरगा, झहीराबाद, सदाशिवपेठ मागे टाकत पहाटे पटाणचेरूला येते. औषधांच्या कारखान्यांचा उग्र वास एके काळी इथे इतका दाट असे, की खिडकीशी डुलक्या घेणाऱ्या प्रवाशाला डोळे न उघडताही हैदराबाद आल्याचे कळावे. पुढे बीएचईएल, मियापूर आणि मग कुकटपल्ली. सोलापूर-मराठवाड्याकडून नोकरीसाठी आलेली कितीतरी तरुण मंडळी इथेच पाठीवरच्या पिशव्या सावरत उतरतात आणि हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीतल्या गल्ल्यांमध्ये शिरतात. त्यांच्या रोजच्या वाटेवर कुठेतरी एक पूल लागतो. पुलाखालून काळे पाणी वाहते. कुकटपल्ली नाला तो हाच. या परगण्याच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा झाला तर त्याच्या काठाने चालत जाण्याशिवाय गत्यंतर नाही.

मुळात तो नाला नव्हताच. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना मालगुजारी तलाव ठाऊक असतात. तेलंगणात तशीच जुनी रचना आहे. वरचे तळे भरले की सांडव्याचे पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. तेलुगूत त्यांना ‘गोलुसुकट्टु चेरुवुलु’ म्हणतात, म्हणजे साखळीने जोडलेली तळी. कुकटपल्लीच्या परिसरातील तळी अशाच साखळीतली. त्यांचे जादा पाणी बालानगर, फतेहनगर, बेगमपेट असे उतरत हुसेनसागराला मिळे. हुसेनसागर 1562 च्या सुमारास इब्राहिम कुतुबशहाच्या काळात हुसेन शाह वली यांनी बांधला आणि 1930 पर्यंत त्याचे पाणी शहर पीत होते. आज त्या तलावाच्या काठाने जाणाऱ्याला हे वाक्य पुन्हा एकदा वाचावेसे वाटेल, पण ते खरे आहे.

या भागात साथीच्या रोगांची नोंद कागदाआधी देवळात झाली. आषाढात कुकटपल्लीसह साऱ्या शहरात बोनालू निघते. डोक्यावर हळद-कुंकवाने माखलेली, कडुलिंबाच्या डहाळ्या खोवलेली भाताची मडकी घेऊन बायका देवीला जातात. परंपरा सांगते ती अशी: 1813 मध्ये सिकंदराबादेत साथ पसरली, तेव्हा इथल्या पलटणीतली माणसे उज्जैनला होती. साथ ओसरली तर महाकालीची स्थापना करू, असा नवस त्यांनी तिथे केला आणि परत आल्यावर तो फेडला. सिकंदराबादचे उज्जयिनी महाकाली मंदिर ते हेच. किती माणसे दगावली ते या कथेत नाही. साल मात्र आहे, गाव आहे, ऋतूही आहे. पावसाळ्याच्या तोंडावर रोगराई वाढते हे निरीक्षण दोनशे वर्षे दरसाल न चुकता पुन्हा नोंदवले जाते, आणि तेही कोणत्या कचेरीने न सांगता.

नाल्याच्या खालच्या अंगाला, बेगमपेटात, 1897 मध्ये याहून वेगळी नोंद झाली. लष्करी डॉक्टर रोनाल्ड रॉस तिथल्या इस्पितळात हिवतापाचा शोध घेत होता. हुसेन खान नावाचा रुग्ण डास चावून घ्यायला तयार झाला आणि डासामागे एक आणा याप्रमाणे त्याला मोबदला मिळाला. 20 ऑगस्टला रॉसला ॲनोफिलिस डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परोपजीवाच्या रंगीत पेशी दिसल्या. पुढे 1902 मध्ये त्याला नोबेल मिळाले. ती इमारत अजून उभी आहे. साचलेले पाणी, त्यातला डास आणि खाटेवर कुडकुडणारा माणूस हे तिन्ही एकाच साखळीचे दुवे आहेत, हे जगाला सिद्ध करून दाखवणारी जागा कुकटपल्ली नाल्याच्या वाटेवर यावी, याचे मोल शहराने अजून पुरते ओळखलेले नाही.

पाण्याचे माणसाच्या जिवाशी असलेले नाते ओळखायला निजामाच्या सरकारला एक आपत्ती लागली. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदीला पूर आला आणि सुमारे पंधरा हजार माणसे गेली. निजाम महबूब अली खानांनी मुंबई इलाख्याच्या नोकरीतून बाहेर पडलेल्या मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावले. पुण्यात शिकलेला आणि खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवणारा हा अभियंता हैदराबादला आला, तेव्हा त्याने नदीच्या खोऱ्यातली तळीही मोजली. 788 तळी होती, त्यांतली 221 फुटली होती. फुटलेल्या प्रत्येक तळ्याने खालच्या तळ्यावर भार टाकला आणि शेवटी सगळा भार शहरावर आला. पुराचे कारण नदीत शोधायचे नसते, तिच्या वरच्या अंगाच्या शेकडो लहान बांधांत शोधायचे असते, हे या मोजणीने दाखवले. त्यांच्या शिफारशींतूनच उस्मानसागर (1920) आणि हिमायतसागर (1927) उभे राहिले.

पाठोपाठ 1911 मध्ये प्लेग आला. 1912 मध्ये नवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झाले. दाट, कोंदट मोहल्ले मोकळे करणे, रस्ते रुंद करणे, गटारे बांधणे, नवी घरे उभारणे ही कामे या एकाच मंडळाकडे होती. सांडपाण्याच्या योजनेसाठी विश्वेश्वरय्यांना 1922 मध्ये पुन्हा पाचारण झाले. पुढच्या शंभर वर्षांत जे मोडले ते हेच. रोग कुठे पसरला हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्याच हाती गटार कुठून न्यायचे हा निर्णय होता. प्लेगचा आकडा आणि रस्त्याचा नकाशा एकाच टेबलावर पसरलेला असे.

कुकटपल्ली तेव्हा शहराबाहेरचे गाव होते.

कारखाने तिच्याकडे सरकत आले ते स्वातंत्र्याच्या आगेमागे. सनतनगरात ऑल्विनचे पत्र्याच्या वस्तूंचे काम सुरू झाले. मग बालानगरात सरकारी आयडीपीएलचा औषध कारखाना, एचएएल, लहान-मोठ्या यंत्रशाळा. कुकटपल्लीत 1960 च्या दशकात स्फोटकांची आयडीएल आली. तिच्या शेजारच्या रंगधामुनी तळ्याला आज सगळे जण आयडीएल तलाव म्हणूनच ओळखतात. त्यानंतर जीडीमेटलाची औद्योगिक वसाहत. आयडीपीएलमध्ये उमेदवारी केलेले रसायनतज्ज्ञ बाहेर पडले आणि त्यांनी आपापल्या कंपन्या काढल्या. के. अंजी रेड्डींनी 1984 मध्ये सुरू केलेली डॉ. रेड्डीज ही त्यांतली सर्वांत ख्यातनाम. देशाला स्वस्त औषधे मिळाली, हे या परिसराचे ऋण कोणी नाकारू नये. पण त्या औषधांच्या उत्पादनातून उरलेले पाणी उताराच्या दिशेनेच जाणार होते, आणि उतार हुसेनसागराकडे होता. साखळीची वाट तयारच होती.

माणसेही आली. 1972 मध्ये जवाहरलाल नेहरू तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि कुकटपल्लीत त्याचा परिसर उभा राहिला. हाउसिंग बोर्डाची प्रचंड वसाहत झाली. 2001 च्या जनगणनेत कुकटपल्ली नगरपालिकेची लोकसंख्या 2 लाख 90 हजारांवर होती. सहा वर्षांनी, एप्रिल 2007 मध्ये, आजूबाजूच्या बारा नगरपालिका आणि आठ ग्रामपंचायती हैदराबादेत विलीन होऊन बृहन्हैदराबाद महानगरपालिका बनली. त्यांत कुकटपल्लीही गेली. त्यामुळे 2011 च्या जनगणनेत ती स्वतंत्र नगर म्हणून उरली नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये जिल्हाही बदलला, रंगारेड्डीतून मेडचल-मलकाजगिरी.

हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण आकडेवारीचे मरण अशाच तपशिलांत असते. रोगांच्या नोंदीचा राष्ट्रीय कार्यक्रम, एकात्मिक रोग सर्वेक्षण, 2004 मध्ये सुरू झाला. त्यात आरोग्यसेवकाने संशयित रुग्ण लिहायचे, डॉक्टरने संभाव्य निदान लिहायचे, प्रयोगशाळेने खातरजमा लिहायची, आणि हे सारे तेव्हा दर आठवड्याला जिल्ह्याकडे जायचे. त्याचे एकक जिल्हा. जन्म-मृत्यूची नोंद महापालिकेकडे. पाण्याचे नमुने 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि तेही तलाव किंवा औद्योगिक वसाहतीनुसार. नाल्याच्या काठावर राहणाऱ्या एखाद्या मुलीची कावीळ पहिल्या वहीत असेल, तिच्या दारातल्या पाण्याचा कस तिसऱ्या वहीत. दोन्ही वह्यांची पाने एकमेकांसमोर कधी येत नाहीत. शिवाय ती मुलगी गल्लीतल्या खासगी दवाखान्यात गेली, तर पहिल्या वहीतही तिचे नाव चढेलच याची खात्री नाही.

म्हणून संसदेत वरचेवर विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाचे उत्तर वर्षानुवर्षे जवळपास एकाच शब्दांत येत राहिले. हवेच्या प्रदूषणाने देशात किती मृत्यू झाले? केवळ प्रदूषणामुळेच मृत्यू वा आजार झाला असा थेट संबंध प्रस्थापित करणारी निर्णायक आकडेवारी देशात उपलब्ध नाही, असे केंद्र सरकारने सभागृहाला वारंवार सांगितले. माणसाच्या छातीत एकाच वेळी धूर, तंबाखू, दारिद्र्य आणि वय असते, हे त्या उत्तरामागचे तर्कशास्त्र मान्य करावे लागते. पण संबंध शोधण्यासाठी ज्या नोंदी एकत्र ठेवायला हव्या होत्या त्या वेगळ्या ठेवल्या गेल्या, हा भाग त्या उत्तरात येत नाही. आकडेवारी नाही याचा अर्थ आजार नाही असा सोयीने लावला जातो, तेव्हा किंमत नाल्याकाठची घरे मोजतात.

दोन्ही वह्या एका हातात धरणारा माणूस याच महामार्गावर, पटाणचेरूला होता. डॉ. अल्लानी किशन राव हे तिथले डॉक्टर. दवाखान्यात येणारे शेतकरी कोणत्या विहिरीचे पाणी पितात, हे त्यांना रुग्णाच्या तक्रारीइतकेच ठाऊक असे. कारखान्यांचे पाणी नक्कावागू ओढ्यातून मांजरा नदीत जात होते. बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ उगवणारी, लातूरकडून वाहत येणारी आपली मांजरा तीच, आणि हैदराबादला पिण्याचे पाणी पुरवणारीही तीच. 1980 च्या दशकापासून डॉक्टर गावकऱ्यांसोबत लढले. 1990 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बाधित शेतकऱ्यांना भरपाईचे आदेश निघाले. 2007 मध्ये स्वीडनच्या योकिम लार्सन यांच्या गटाने तिथल्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासले, तेव्हा त्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते जितके असते त्याहून हे प्रमाण अधिक होते. औषधांना दाद न देणारे जंतू कसे तयार होतात, या जागतिक चर्चेत पटाणचेरूचे नाव तेव्हापासून कायमचे आले.

त्यानंतर दोन वर्षांनी, 2009 मध्ये, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 88 औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. सर्वसमावेशक पर्यावरण प्रदूषण निर्देशांक असे त्या पद्धतीचे लांबलचक नाव. 70 च्या वर गेले की अतिगंभीर. अंकलेश्वर आणि वापी 88 वर, आपले चंद्रपूर 83.88, डोंबिवली 78.41. पटाणचेरू-बोल्लारम 70.07. कुकटपल्लीचे नावही या क्षेत्रांत नोंदले गेले, हवा, पाणी आणि जमीन यांच्या रकान्यांसह. ज्या गावाची स्वतंत्र लोकसंख्या दोनच वर्षांपूर्वी कागदावरून पुसली गेली होती, ते गाव प्रदूषणाच्या यादीत मात्र स्वतःच्या नावाने उभे होते.

या निर्देशांकाची 2016 ची सुधारित पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. तिच्यात शंभरपैकी दहा गुण आरोग्यासाठी ठेवले. परिसरातल्या तीन ते पाच मोठ्या रुग्णालयांकडून हवेतून आणि पाण्यातून होणाऱ्या आजारांचे आकडे घ्यायचे. रुग्णसंख्येतील वाढ पाच टक्क्यांच्या आत असेल तर शून्य, पाच ते दहा असेल तर पाच, त्याहून जास्त असेल तर दहा. मोजमाप ढोबळ आहे. वस्ती वाढली म्हणून रुग्ण वाढले की पाणी बिघडले म्हणून, हे ते सांगू शकत नाही, आणि कुकटपल्लीसारख्या झपाट्याने फुगणाऱ्या उपनगरात हा फरकच कळीचा आहे. तरीही इम्प्रूव्हमेंट बोर्डाच्या टेबलाची आठवण यावी असे त्यात काहीतरी आहे: नाल्याचा नमुना आणि रुग्णालयाची नोंद निदान एका तक्त्यात आली.

पाण्याने मात्र तक्त्यांची वाट पाहिली नाही. 24 ऑगस्ट 2000 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 24 सेंटिमीटर पाऊस कोसळला आणि नाल्यांकाठच्या वस्त्या बुडाल्या. त्यानंतर पुण्याच्या किर्लोस्कर कन्सल्टंट्सकडून नाल्यांची पाहणी करवून घेतली गेली, 2003 मध्ये अहवाल आला, रुंदीकरणाच्या शिफारशी झाल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये शहर पुन्हा बुडाले. दरम्यान हुसेनसागराच्या सफाईसाठी जपानी कर्ज आले, कुकटपल्ली नाल्याचे पाणी तलावाआधी अडवून अंबरपेटच्या शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्याची व्यवस्था झाली. मोठा पाऊस पडला की ती व्यवस्था ओलांडून नाला आपल्या जुन्या वाटेने तलावात उतरतो.

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने तळी आणि सरकारी जमिनी राखण्यासाठी ‘हायड्रा’ ही नवी संस्था नेमली. सप्टेंबरमध्ये तिची यंत्रे कुकटपल्लीच्या नल्ला चेरुवूवर आली. नल्ला म्हणजे काळा. काठावरची बांधकामे पाडली गेली, तिथे पोट भरणाऱ्यांचे नुकसानही झाले, आणि मग गाळ उपसायला सुरुवात झाली. विश्वेश्वरय्यांनी मोजलेल्या साखळ्यांसारख्याच एका साखळीतला हा एक दुवा पुन्हा खोल होऊ लागला. त्याच्या काठच्या वस्तीत ताप, कावीळ, हगवण यांचे किती रुग्ण होते आणि गाळ निघाल्यावर किती उरले, ही तुलना आता कोणीतरी वस्तीवार लिहून ठेवायला हवी. पुढच्या वेळी सभागृहात प्रश्न येईल तेव्हा उत्तर देणाऱ्या मंत्र्याच्या हातात ती असायला हवी.