तारेकडची भिंत
गेल्या उन्हाळ्यात सोलापूरच्या सेटलमेंटमधले आमचे जुने घर आम्हीच दुरुस्त केले. गवंडी परवडणारा नव्हता. थोरल्या भावाने थापी धरली, वहिनीने माल कालवला, मी घमेली वाहिली.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू झाला आणि कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची पोरे जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात कोंडले. गिरणीत राबायचे आणि हजेरी द्यायची. भोंगा आणि हजेरी यांतच माझ्या आजीची उमेद सरली. गिरण्यांना आयते मजूर मिळाले. सरकार याला 'सुधारणा' म्हणे! देशभरातून तो कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. इतिहासकार सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचे बुरूज मोजतात. आमच्या भिंती मोजायला कोण येणार?

मागच्या भिंतीत खिडकी काढायचे ठरले तेव्हा वडील घुटमळले. म्हणाले, "त्या बाजूला तार होती. तुमच्या आजीने ती भिंत कधी फोडू दिली नाही."

आम्ही खिडकी तिथेच बसवली. पहिला घण वडिलांनीच घातला.