शाळेच्या हाकेवरचे घर : पार्ले, दादर आणि मुंबईच्या उपनगरांची घडण

घर घेताना आज कोणतेही कुटुंब तीन प्रश्न हमखास विचारते. मुलांची शाळा किती लांब? स्टेशन किती मिनिटांवर? परिसर कसा? या प्रश्नांना मुंबईत सुमारे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात एका साथीच्या रोगापासून होते.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतरच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गावाकडे पळाली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८ लाख २१ हजारांच्या वर होती. १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या बंदराचे शहर दहा वर्षांत आक्रसावे, ही साधी गोष्ट नव्हती.

सरकारला यातून एक गोष्ट कळली, ती बरीच उशिरा कळली असे म्हणावे लागेल. अंधाऱ्या, कोंदट, दाटीवाटीच्या वस्त्यांचा रोगराईशी संबंध आहे. १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्यांतून रुंद रस्ते काढणे आणि शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखणे ही त्याची मुख्य कामे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रस्ते ट्रस्टचेच. मात्र रस्त्यांसाठी घरे आधी पडली आणि बदली घरे सावकाश उभी राहिली. ज्यांची घरे गेली त्यांतले बरेच जण शेजारच्याच दाट वस्तीत आणखी दाटीने राहू लागले.

दादर-माटुंग्याची आखणी याच ट्रस्टची. तेथे तोवर भातखाचरे, नारळी-पोफळी आणि खाजण होते. त्या जागी आखीव भूखंड, मोजून सोडलेली अंतरे, झाडांचे रस्ते आणि राखीव मैदाने आली. पारशी कॉलनी आणि हिंदू कॉलनी अशा दोन वसाहती येथे शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. पारशी कॉलनीमागे ट्रस्टमध्येच काम करणारे अभियंते मंचेरजी जोशी यांचा ध्यास होता. पुढे दाक्षिणात्य कुटुंबेही माटुंग्यात स्थिरावली आणि १९३२ साली त्यांनी साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. वसाहत उभी राहिली की तिच्यामागोमाग तिची शाळा येते, हा क्रम या काळात पुन्हा पुन्हा दिसतो.

परंतु दादर हे सरकारी आखणीचे अपत्य. माहीमच्या खाडीपलीकडे साष्टीत जे घडले ते वेगळे होते. तेथे आखणारा ट्रस्ट नव्हता.

गिरगावातल्या मराठी मध्यमवर्गाचा विचार करून पाहा. कुणी सचिवालयात कारकून, कुणी पोस्टात, कुणी एखाद्या इंग्रजी पेढीत. राहणे चाळीतल्या दोन खोल्यांत. पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी वाढली की सरकारला १९१८ साली भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. गिरगाव सोडायचे कसे, हा खरा पेच होता. नोकरी फोर्टात, नातलग याच गल्ल्यांत, आणि मुलांच्या शाळाही येथेच. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ पासून मुलींच्या शाळा चालवल्या होत्या. आर्यन एज्युकेशन सोसायटी १८९७ पासून काम करत होती. शिकवणारे चांगले, शाळा पायी अंतरावर. चाळीत हवा नव्हती, पण विद्या होती.

उलट बाजूला रेल्वे होती. बीबीसीआय रेल्वेची उपनगरी गाडी १८६७ पासून धावत होती. तिच्या मार्गावर वांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, अंधेरी अशी गावे होती. पैकी वांद्र्यात मिशनऱ्यांच्या शाळा जुन्या. सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवात १८६३ ची. पार्ल्यात तसे काही नव्हते. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरे, भातशेते, विहिरी, पावसाळ्यात चिखल आणि वर्षभर डास. स्वस्त जमीन आणि मोकळी हवा या दोनच गोष्टी नवागताला तेथे खुणावत. आज ज्या गल्लीला आपण पार्ल्याची जुनी गल्ली म्हणतो, ती त्याआधी बहुधा कुणाचे तरी शेत होती, याची आठवण मात्र फारशी कुणी ठेवत नाही.

म्हणजे तराजूच्या एका पारड्यात हवा, अंगण, तुळशीवृंदावन आणि कमी खर्च. दुसऱ्या पारड्यात मुलांचे शिक्षण. बाप रोज गाडीने फोर्टात जाईल. पण दहा वर्षांच्या मुलाने, त्याहीपेक्षा मुलीने, रोज कोळशाच्या इंजिनाच्या गाडीने गिरगाव गाठायचे काय? ज्या घरांनी पार्ले निवडले, त्यांनी हा प्रश्न बरोबर घेऊनच बिऱ्हाड हलवले.

त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच उभारले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे मुंबईत सरदारगृहात निधन झाले. त्यांचे स्मारक म्हणून पार्लेकरांनी पुतळा न उभारता शाळा काढली. जून १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले. निधनानंतर वर्षही उलटले नव्हते. पाठोपाठ १९२३ साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला. दोन्ही संस्थांमागे संस्थानिक किंवा सरकार नव्हते. होते ते पगारदार आणि व्यावसायिक रहिवाशांचे कष्ट आणि वर्गणी. शाळेच्या नावात राष्ट्रीय भावना होती हे खरेच, पण तिच्यात गरजही तितकीच होती. नुसत्या भक्तीवर शाळा सुरू होते, चालत नाही. ही शाळा चालली, कारण ती घरांच्या मधोमध होती आणि मुले तेथपर्यंत चालत येऊ शकत होती.

येथे इतिहासाची दिशा उलटते. आधी लोक पार्ल्यात आले आणि शाळा नसल्याने शाळा काढली. त्यानंतर शाळा आहे म्हणून लोक पार्ल्यात येऊ लागले.

याचे सर्वांत ओळखीचे उदाहरण पु. ल. देशपांडे यांचे. ८ नोव्हेंबर १९१९ रोजी गावदेवीत जन्म. बालपणीची पहिली वर्षे जोगेश्वरीच्या सारस्वत बागेत, आणि पुढे कुटुंब पार्ल्याला आले. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. नंतरचे महाविद्यालय इस्माईल युसुफ, तेही जोगेश्वरीच्या टेकडीवर, १९३० साली सुरू झालेले. एका पिढीआधी उपनगरातल्या मुलाला महाविद्यालयासाठी शहर गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. पुलंच्या पिढीला दोन स्टेशने पुरली.

सारस्वत बाग हे नावही लक्षात ठेवण्यासारखे आहे. सहकारी तत्त्वावर जमीन घेऊन आपल्या माणसांची वसाहत करायची ही कल्पना तेव्हा नवी होती. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी नोंदली गेली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रवर्तक, आणि भारतातल्या सहकारी गृहरचनेचा आरंभ तिच्यापासून मोजला जातो. एकट्या कारकुनाला न झेपणारे घर पन्नास कारकुनांना मिळून झेपले. मात्र ‘आपली माणसे’ या शब्दांना कुंपणही होते. ज्ञाती हा अनेक वसाहतींचा पाया होता. सभासद कोण होणार हे बहुधा तेथेच ठरत असे.

कुंपणाबाहेरच्यांची कथा समजायला त्याच काळातले दुसरे एक घर पाहावे लागते. सुभेदार रामजी सकपाळ साताऱ्याहून मुंबईत आले, त्यामागे मुलाचे शिक्षण हे मोठे कारण होते. राहायला मिळाली लोअर परळमधल्या डबक चाळीतली एक खोली. त्या खोलीत रात्री अभ्यासाला जागा नसे. म्हणून वडील स्वतः जागे राहत, पहाटे दोनच्या सुमारास मुलाला उठवत आणि मग झोपत, असे चरित्रकार सांगतात. मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जात होता. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर.

चांगली शाळा, जमेल असा परिसर, झेपेल असे भाडे. प्रश्न पार्लेकरांचेच होते. निवडीचा पैस मात्र कितीतरी लहान. परदेशांतल्या पदव्या घेतल्यानंतरही आंबेडकरांचे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत दोन खोल्यांत राहत होते. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दादरला मध्यमवर्गासाठी भूखंड आखणाऱ्या त्याच ट्रस्टने कामगारांसाठी बांधलेल्या या चाळी. एकाच संस्थेच्या नकाशावर दोन प्रकारची मुंबई होती.

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले, आणि ते बांधताना कुटुंबाइतकाच ग्रंथसंग्रहाचा विचार केला. याच घरात २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन झाले. प्रामुख्याने सवर्ण मध्यमवर्गाच्या वसाहतीत त्यांचे हे घर उभे राहिले, ही गोष्ट दादरच्या इतिहासात तळटीप म्हणून सांगण्याची नाही. पुढे १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, ते दक्षिण मुंबईत. नोकरी करता करता शिकणाऱ्या तरुणाला सकाळचे वर्ग आटोपून कचेरी गाठता यावी, अशी तेथे सोय होती. पार्लेकरांनी शाळा घराजवळ आणली. आंबेडकरांनी महाविद्यालय नोकरीजवळ नेले. ज्यांना घराची निवड परवडत नव्हती, त्यांच्यासाठी हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडावा लागला.

प्रवासाचे गणितही याच काळात बदलले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली. पार्ल्याच्या बाजूला वीज ५ जानेवारी १९२८ रोजी आली, कुलाबा ते बोरिवली. वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागे आणि जवळजवळच्या स्थानकांत तो वेळ फार महाग पडे. विजेची गाडी चटकन वेग घेई, चटकन थांबे, धूर नसे. १९३० च्या अखेरीस कुलाबा स्थानक बंद झाले आणि चर्चगेट हेच शेवटचे स्थानक उरले. तेथून कचेरीपर्यंतची पायपीट आणि हातातला डबा हे पार्लेकराच्या दिनक्रमाचे अंग झाले. गाडी वेगवान झाल्यावर लोक वाढले, लोक वाढल्यावर गर्दी वाढली, आणि मोकळ्या हवेसाठी आलेल्यांच्या मुलांना डब्यात हवा मिळेनाशी झाली, हा पुढचा भाग.

१९५० मध्ये पार्ले बृहन्मुंबईत सामील झाले. नऊ वर्षांनी, १९५९ साली, टिळक विद्यालयाच्याच संस्थेने पार्ले महाविद्यालय काढले, आजचे साठ्ये महाविद्यालय. पाठोपाठ १९६० मध्ये डहाणूकर वाणिज्य महाविद्यालय आले. आता पार्ल्यातले मूल पहिलीपासून पदवीपर्यंत लोकलचा पास न काढता शिकू शकत होते. पास फक्त वडिलांच्या खिशात, आणि थोड्याच वर्षांत अनेक घरांत आईच्याही पर्समध्ये.