नोकरी, उमेदवारी आणि हिशेबाची विद्या

मुलगा बी.कॉम. होतो, एखाद्या कचेरीत नोकरीला लागतो आणि पहिला पगार घरात येतो. त्यानंतर सी.ए.ची किंवा कॉस्ट अकाउंटन्सीची पुस्तके हळूहळू कपाटात जातात. घरचे म्हणतात, "आता परीक्षा कशाला?" मुलगा म्हणतो, "नोकरी सांभाळून हा अभ्यास होत नाही." ही दोन्ही म्हणणी कितपत खरी आहेत, हे या व्यवसायाच्या इतिहासावरून पाहण्यासारखे आहे.

हिशेबनिसाचा व्यवसाय मुळात कॉलेजात जन्मला नाही; तो कामाच्या जागी जन्मला. आपल्या पेढ्यांवर मुनिमाशेजारी बसूनच पोरगा रोजकीर्द आणि खतावणी शिकत असे. विलायतेतही प्रकार फारसा निराळा नव्हता. १८५४ साली एडिंबरोच्या आणि १८८० साली इंग्लंडच्या अकाउंटंटांच्या संस्थेला राजसनद मिळाली. इंग्लंडमध्ये सर्वसाधारण उमेदवाराला पाच वर्षांचा करार करून अनुभवी अकाउंटंटाच्या हाताखाली काम करावे लागे आणि परीक्षाही द्यावी लागे. अडचण होती ती पैशाची. उमेदवाराला पगार मिळणे दूरच, उलट त्याच्या बापालाच 'प्रीमियम' म्हणून मोठी रक्कम भरावी लागे. हुशार पण गरीब मुलाला दार बंद! हे दार अधिक खुले व्हावे म्हणून १९०४ साली आठ जणांनी लंडनमध्ये एक नवी संस्था काढली. आज ए.सी.सी.ए. म्हणून जगभर ओळखली जाते ती हीच.

आपल्याकडे १९१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबतपासनिसाची पात्रता ठरविली. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम कॉलेज सुरू झाले. १९१८ साली मुंबई सरकारने जी.डी.ए. ही पदविका काढली. तिच्यातही नुसती परीक्षा पुरेशी नव्हती. तीन वर्षांची उमेदवारी करावीच लागे. मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी १९३३ साली ही पात्रता मिळविली आणि त्या देशातील पहिल्या महिला अकाउंटंट ठरल्या. मुलींच्या पालकांनी हे वर्ष लक्षात ठेवावे. पुढे १९४९ चा कायदा होऊन १ जुलै रोजी चार्टर्ड अकाउंटंट्स इन्स्टिट्यूट स्थापन झाली. प्रीमियमची चाल काही काळ आपल्याकडेही होती. नंतर ती बंद होऊन उमेदवाराला विद्यावेतन देणे बंधनकारक झाले.

दुसरा रस्ता महायुद्धाच्या काळात तयार झाला. सरकारी कंत्राटांतील मालाचा खरा उत्पादनखर्च किती, हे सांगणारी माणसे हवी होती. त्यातून १९४४ साली कॉस्ट अकाउंटंटांची संस्था निघाली आणि १९५९ साली तिला कायद्याचा आधार मिळाला. कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करीत परीक्षा द्यावी आणि योग्य कामाचा अनुभव सभासदत्वासाठी धरला जावा, ही सोय नोकरदार तरुणांच्या पथ्यावर पडली.

कमावत्या माणसाला शिकविण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनीच आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरत, ते विद्यार्थ्यांना दिवसा नोकरी करता यावी म्हणूनच. याच परिवारातील वाणिज्य महाविद्यालय १९५३ साली निघाले.

या इतिहासातून निघणारा बोध साधा आहे. हिशेबाच्या विद्येत काम हे अभ्यासाचे वैरी नाही. बँकेचा ताळमेळ घालणे, शिलकी मालाची किंमत काढणे, व्हाउचर तपासणे ही कामे जो दिवसा करतो, त्याला रात्री पुस्तकातला तोच धडा लवकर उमगतो. वैरी आहे ती वेळेची आणि पैशाची चणचण, आणि तिचा विचार एकट्या मुलाने करावयाचा नसून साऱ्या घराने करावयाचा आहे.

सी.ए.ची उमेदवारी करताना दुसरी पूर्ण वेळेची नोकरी करता येत नाही. हा काळ पूर्वी तीन वर्षांचा होता. २०२३ च्या नव्या योजनेत तो दोन वर्षांवर आला. एवढी वर्षे तुटपुंज्या विद्यावेतनावर काढणे घराला झेपणार आहे काय, हे आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावे. झेपत नसेल तर नोकरी न सोडता कॉस्टची वाट धरण्यात कमीपणा मुळीच नाही. दोन्हीकडे वरच्या परीक्षा गटागटाने देता येतात. नोकरदाराने एका वेळी एकच गट घ्यावा, पण तो नेटाने पुरा करावा.

पालकांकडे मागणे एवढेच की, कमावत्या मुलाला रोज दोन तास निवांत द्यावेत. त्या वेळी त्याला बाजारात धाडू नये, पाहुण्यांत बसवू नये. ज्या घरात जागा नाही, तेथील मुलांसाठी मोहल्ल्यातील एखादी खोली संध्याकाळी दिवा लावून उघडी ठेवणे हे शिक्षणप्रेमी मंडळींना सहज करता येण्यासारखे काम आहे. एके काळी बापाच्या थैलीअभावी हे दार बंद होते. आज ते उघडे आहे. पहिल्या पगाराच्या समाधानात ते आपल्याच हाताने लोटून घेऊ नये.