काणीची साक्ष

नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी 1885 च्या सुमारास बारामती-इंदापुराकडे वळलें आणि ज्वारीच्या शेजारीं ऊंस उभा राहिला. काणी दोहोंसही लागते. ज्वारीच्या दाण्यांत ती दडून बसते, उंसाच्या शेंड्यांतून काळा चाबूक काढते. शेतकऱ्याचा शब्द एक, बुरशी मात्र निराळी. उंसावरील काणीस जर्मन पंडित सिडो यांनीं 1924 सालीं ‘उस्टिलागो’ वंशांत घातलें. 2002 सालीं ती ‘स्पोरिसोरियम’ ठरली. नांवें अशीं फिरत असतां साक्ष कोणाची घ्यावी? वाळवून पाकिटांत ठेवलेल्या नमुन्याची. पुण्यास आघारकरांच्या नांवें चालणाऱ्या संस्थेंत आजरेकरांच्या स्मरणार्थ असा कवकसंग्रह आहे. पाकिटावरील गांव, पीक व तारीख पुसली कीं नमुना मुका झाला!

आतां त्या काळ्या भुकटींतून आनुवंशिक द्रव्य काढून बुरशीची जात ओळखतां येते. आयर्लंडांतील दुष्काळाच्या काळचीं बटाट्याचीं वाळकीं पानें 2013 सालीं अशींच बोलतीं झालीं. परंतु तपासलेली चिमूट पाकिटांत परत येत नाहीं, आणि जुनें द्रव्य तुकड्यातुकड्यांनींच हातीं लागतें. शेतांतल्या काणीस तोटा नाहीं. आधीं तिच्यावर रीत पारखावी. ज्या एकाच नमुन्यावर नांव आधारलें, त्याचें पाकीट त्यानंतरच उघडावें, असें आमचें मत आहे.