बी. डी. डी. चाळी आणि 'लाल व्हिएन्ना' : कामगार-गृहनिर्माणाच्या अर्थकारणाचा तुलनात्मक अभ्यास

औद्योगिकीकरणाबरोबर शहरांची जी वाढ झाली, तिच्यातून कामगारांच्या निवासाचा प्रश्न जगभर उभा राहिला. १९२० ते १९३० या एकाच दशकात मुंबई आणि व्हिएन्ना या दोन शहरांत सार्वजनिक पैशातून कामगारांसाठी मोठ्या प्रमाणावर घरे बांधली गेली. घरे किती बांधली यापेक्षा त्यांचा खर्च कोणाकडून वसूल करण्यात आला, या दृष्टीने पाहिल्यास दोन्ही प्रयोगांचे यशापयश अधिक स्पष्ट होते.

मुंबईतील सरकारी गृहनिर्माणाचे मूळ प्लेगमध्ये आहे. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला आणि १८९८ च्या कायद्यान्वये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्त्या पाडणे, प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढून शहरात समुद्राची हवा आणणे, हे ट्रस्टचे प्रमुख कार्य होते. पाडकाम वेगाने झाले, पुनर्वसन मात्र मागे राहिले. उठवलेली कुटुंबे शेजारच्याच गल्ल्यांत अधिक दाटीने राहू लागली. अर्थात, ट्रस्टने चाळी बांधल्याच नाहीत असे नव्हे. परळच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दोन दशकांहून अधिक काळ वास्तव्य होते, ही बाब मराठी वाचकाला परिचित आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळात घरभाडी इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. पुढे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' अस्तित्वात आले. या खात्याने ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी कर्ज काढले गेले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया जकात बसविण्यात आली. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे २०७ चाळी, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार खोल्या उभ्या राहिल्या. तळमजला व वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक, असा हा सिमेंट-काँक्रीटचा साचा होता.

येथेच या इतिहासातील विसंगती दिसते. घरांची भीषण टंचाई असलेल्या शहरात वरळीच्या चाळी वर्षानुवर्षे मोठ्या प्रमाणावर रिकाम्या राहिल्या. गिरण्यांपासूनचे अंतर हे एक कारण होते. पण मूळ कारण भाड्याचे होते. युद्धोत्तर महागाईत आणि चढ्या व्याजाच्या कर्जातून बांधलेल्या खोलीचे भाडे खर्चापेक्षा कमी ठेवूनही गिरणी कामगाराच्या आवाक्यात येईना. सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३० मध्ये, यांपैकी काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींसाठी तात्पुरता तुरुंग म्हणून करण्यात आला. निवासाच्या धोरणावर याहून बोलकी टीका शोधून सापडणार नाही.

व्हिएन्नामध्येही युद्धकाळापासून भाडेनियंत्रण होतेच. फरक पडला तो करविषयक अधिकारांमुळे. १९१९ मध्ये नगरपालिकेत सोशल डेमोक्रॅट पक्षाला बहुमत मिळाले आणि १९२२ पासून शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा लाभल्याने स्वतःचे कर बसविणे शक्य झाले. अर्थखाते सांभाळणाऱ्या ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ मध्ये चढत्या दराचा गृहनिर्माण कर लागू केला. सर्वांत महागड्या अर्धा टक्का जागांकडून या कराचा जवळजवळ ४५ टक्के भाग वसूल होत असे. बांधकाम कर्जाऐवजी मुख्यतः करांच्या उत्पन्नातून होत असल्याने भाड्यात भांडवल व व्याज धरण्याची गरज उरली नाही. देखभालीपुरते भाडे पुरेसे ठरले. १९३४ पर्यंत तेथे ६०,००० हून अधिक घरे बांधून झाली. कार्ल एन यांनी रचलेल्या, एक किलोमीटरहून लांब अशा 'कार्ल मार्क्स होफ'मध्ये १,३८२ घरांबरोबर धुलाईघरे, बालवाड्या व ग्रंथालयही होते. फेब्रुवारी १९३४ च्या यादवीत याच इमारतीवर सरकारी तोफा डागल्या गेल्या आणि नगरपालिकेतील ती राजवट संपली. घरे मात्र नगरपालिकेच्याच मालकीची राहिली.

मुंबईतील खाते प्रांतिक सरकारचे होते, शहराला उत्तरदायी नव्हते. त्याच खात्याची बॅकबे भराव योजना खर्च व गैरकारभारामुळे वादात सापडली आणि खु. फ. नरिमन यांच्या टीकेने गाजली. त्यामुळे चाळींचा संकल्प तृतीयांशापाशीच थांबला. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र याच खोल्या कुटुंबांनी भरून गेल्या. वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या जागी आता ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर आले असून, त्याचा खर्च त्याच जमिनीवर विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या घरांतून काढण्याची योजना आहे.