बार किती भरायचा, हे ठरवणार कोण?

आजचा विषय जरा स्फोटक आहे. अमेरिकेत मॅग्नम नावाची रिव्हॉल्व्हरची काडतुसं आहेत. .३५७ मॅग्नम १९३५ साली आलं आणि .४४ मॅग्नम १९५५ साली. झटका असा की मनगट दुखतं. मग तिथले हौशी लोक काय करतात, तर उडवलेली पितळी काडतुसं घरीच पुन्हा भरतात, पण दारू कमी घालून. सराव स्वस्तात होतो आणि हातही शाबूत राहतो.

तुम्ही म्हणाल, याचा शहापूर-मुरबाडशी काय संबंध? अहो, बार हलका करायची ही अक्कल आपल्याकडे जुनीच आहे. ठासणीची बंदूक आठवा. तिला काडतूस नसतंच. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग बोळा, मग छर्रे किंवा गोळी, आणि गजाने ठासायचं. वरकस जमिनीवरची नाचणी-वरी राखायला माळ्यावर बसलेला माणूस प्रत्येक बार स्वतःच भरणार. रानडुकरासाठी वेगळा, पाखरांसाठी वेगळा आणि माकडं पिटाळायची असली तर नुसत्या आवाजाचा. म्हणजे ताकद किती हवी, हे त्याच्या हातात.

यात गंमत कमी, धोका जास्त. गोळी दारूवर नीट बसली नाही, मध्ये पोकळी राहिली, तर नळी फुटते. रिव्हॉल्व्हरचंही तसंच. दारू फारच कमी पडली की गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी झाडली की संपलं. ‘फुसका बार’ हा शब्द आपण राजकारण्यांसाठी हसत वापरतो. बंदूकवाल्याला तो ऐकून घाम फुटेल.

आता खरा मुद्दा. इंग्रजांनाही बार हलका करायचा होता, फक्त दुसऱ्यांच्या हातातला. १८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांना आटे नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका दिल्या. आटे नाहीत म्हणजे गोळी लांबवर नेमकी जात नाही. गोऱ्या सैनिकांकडे मात्र आट्यांच्या रायफली. पुढे पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी .३०३ रायफलीची नळी रुंद नि गुळगुळीत करून .४१० मस्कट बनवली, आणि तिचं काडतूस मुद्दाम .३०३ पेक्षा कमजोर ठेवलं. आपल्या पोलिसांकडे ही मस्कट स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं होती! १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला, तर युरोपियनांना त्यातून सूट. माझ्या मते हा कायदा बंदुकीपेक्षा अविश्वासाचा जास्त होता.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्र कायदा केला. त्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा चक्क वेगळा उल्लेख आहे. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्यांना माळ्यावरचा शेतकरी आठवला, हे मला आवडतं. पण काडतुसं बनवायला मात्र कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. तो नसताना घरी काडतुसं भरली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. तेव्हा व्हिडिओ बघा, पण बघण्यापुरतेच.

आणि परवाना असला तरी आपल्या दोन तालुक्यांत आणखी एक भानगड आहे. शहापुरात तानसा अभयारण्य, मुरबाडच्या डोंगराकडे भीमाशंकर अभयारण्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कलम ३४ सांगतं, की अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडे नाव नोंदवायचं. रानडुक्कर हेही त्याच कायद्याखाली येतं, त्यामुळे ते शेतात शिरलं तरी सरकारी परवानगीशिवाय त्याची शिकार करता येत नाही. मग परवान्याच्या त्या ठासणीच्या बंदुकीत भरायचा तो नुसत्या आवाजाचाच बार.